मदत हवी आहे: भाच्याची मानसशास्त्रीय तपासणी कोल्हापुरात नीट कोण करतं?

नमस्कार मंडळी,

भाचा 15 वर्षांचा, नववीत आहे. मारामाऱ्या, चोऱ्या, शाळेला दांड्या हे बरेच दिवस चाललंय. शाळेतल्या समुपदेशकांनी त्याच्याकडून 24 प्रश्नांची आयसीयू प्रश्नावली (मुलाला दुसऱ्याबद्दल किती वाटतं, भावना किती दिसतात हे मोजणारी) भरून घेतली आणि ताई-दाजींना बोलावून सांगितलं, "मुलात सायकोपॅथीची, म्हणजे दयामाया, पश्चात्ताप नसण्याची लक्षणं आहेत." तेवढ्या एका कागदावर! ताईचं जेवणावरचं लक्षच उडालंय.

या प्रश्नावलीचे पालकांसाठी आणि शिक्षकांसाठीही नमुने असतात, ते कुणाकडून भरून घेतले नाहीत. 2013 च्या डीएसएम-५ (मानसिक आजारांच्या निदानाचं अमेरिकी पुस्तक) प्रमाणे असा थंडपणा ठरवायला आधी कंडक्ट डिसऑर्डरचं (सतत नियम मोडणं, दुसऱ्यांना त्रास देणं) निदान व्हावं लागतं. मग पश्चात्ताप नसणं, दुसऱ्याच्या दुःखाची फिकीर नसणं, अपयशाचं काहीच न वाटणं आणि वरवरच्या भावना, या चारांतल्या निदान दोन गोष्टी 12 महिने तरी, घरी-शाळेत, वेगवेगळ्या माणसांशी वागताना दिसाव्या लागतात. 12 ते 18 वयासाठीची पीसीएल-वायव्ही ही सायकोपॅथीची लक्षणं मोजणारी चाचणी तर प्रशिक्षित माणूस सविस्तर मुलाखत घेऊन, जुने कागद तपासून, इतरांकडून माहिती काढून करतो. 20 मुद्दे, प्रत्येकाला 0, 1 किंवा 2 गुण.

पोर साधं आहे असं मी म्हणत नाही. आजीच्या ट्रंकेतले पैसे त्यानंच काढले. ती रडत होती आणि हा शेजारी बसून भडंग खात होता, मान वर केली नाही. माझ्या काळजात धस्स झालं. पण गेल्या पावसाळ्यात म्हैस अडली तेव्हा ह्याच पोरानं गोठ्यात रात्र काढली. रेडकू उभं राहीपर्यंत जागचा हलला नाही. गुण देताना हे कुठं धरतात?

आणखी एक, दाजी पट्ट्यानं मारतात. मार खाऊन थिजलेलं पोर आणि मुळातच थंड असलेलं पोर बाहेरून सारखंच दिसू शकतं. हा फरक तपासणारा माणूस हवा.

कोल्हापूर, सांगली किंवा मिरजेत किशोरवयीन मुलांसोबत काम करणारे, आरसीआय (भारतीय पुनर्वसन परिषद) नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कुणाला माहीत आहेत का? कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आधी दाखवावं का? प्रश्न मराठीतून विचारतात का? त्याला इंग्रजी नीट कळत नाही. आणि शाळेला सगळा अहवाल द्यावा लागतो की नुसतं पत्र चालतं?

नावं इथं उघड नकोत, व्यनि (खाजगी निरोप) करा. दाजींना तयार करायला मला आठवडाभर लागेल, तोवर सांगितलंत तरी चालेल.