सुईटला जादा पैसे मोजावेत का? तुमचे क्रूझचे अनुभव लिहा

टिळकवाडीकर:
आपल्या बेळगाव भागातून क्रूझला जाणारे आता पुष्कळ झालेत. कोणी मुंबईहून कॉर्डेलिया कंपनीचं जहाज पकडतं, कोणी चोर्ला घाट उतरून मुरगाव बंदरात चढतं, आणि सिंगापूरच्या पॅकेजला तर तीन-चार रात्रींचं जहाज जोडलेलंच असतं. बुकिंग करताना बहुतेकजण स्वस्तातली केबिन घेतात. मग निघायच्या काही आठवडे आधी मेल येतो: एवढे भरा, बाल्कनी देतो; अजून एवढे भरा, सुईट देतो. घरात तिथून वाद सुरू.

ज्यांनी भरले त्यांनी लिहा, न भरता मजेत आले त्यांनीही लिहा. नुसतं "छान होतं" नको. पैसे कशाचे गेले, कुठं कामी आले आणि सोबत कोण होतं, ते सांगा. खोली कशी आहे यापेक्षा बरोबर कोण आहे यावर उत्तर ठरतं, असा माझा कयास आहे. खोडून काढलात तरी चालेल.

निपाणीचा:
त्या मेलमध्ये बरेचदा वरच्या खोलीसाठी किती जादा देणार ते आपणच टाकायचं असतं, लिलावासारखं. आधी त्या बोलीबद्दल सांगतो, कारण लोक इथंच गोंधळतात. मेलमध्ये दिसणारा आकडा माणशी असतो. 150 डॉलर टाकलेत तर खोलीचे 300 झाले. एकटे जात असाल तरी दोघांचेच धरतात. खोलीत तिसरं, चौथं माणूस असेल तर त्यांच्यासाठी बोलीचे जादा पैसे सहसा नसतात, म्हणून चौघांच्या कुटुंबाला हा व्यवहार त्यातल्या त्यात परवडतो. मंजूर होईपर्यंत आकडा बदलता येतो, बोली मागेही घेता येते. एकदा मंजूर झाली की कार्डावरून पैसे गेले, परत नाहीत. गुळाच्या सौद्यात निदान समोरच्याची बोली कानावर येते. इथं फक्त एक काटा "कमजोर"कडून "भक्कम"कडे सरकताना दिसतो, आणि तो काटाही त्यांचाच.

आम्ही सिंगापूर, पिनांग, फुकेत केलं. आईबाबांची आणि आमची अशा लागून दोन खोल्या मागून घेतल्या होत्या. त्यातल्या त्यांच्या खोलीवर बोली लावली. लागली, आणि खोली गेली कितीतरी मजले वर, जहाजाच्या पार पुढच्या टोकाला. बोलीत कुठली खोली द्यायची ते कंपनी ठरवते, आपल्याला निवडता येत नाही. बाबा खूश, सकाळचा चहा बाल्कनीत, दुपारची डुलकी बाल्कनीत. आईला नातवंडं डोळ्यांसमोर पाहिजेत, ती दिवसभर आमच्या बिनखिडकीच्या खोलीत. पैसे वसूल झाले असं मी अजून म्हणतो. बायको म्हणते, निम्मे.

चिकोडीचे मास्तर:
आतली केबिन. अंधार मिट्ट, झोप उत्तम. रॉयल कॅरिबियन कंपनीच्या क्वांटम वर्गाच्या जहाजावर आतल्या खोल्यांतसुद्धा भिंतभर पडद्यावर बाहेरचा समुद्र जसाच्या तसा दाखवतात, पोरांना तेवढा पुरला. आम्ही खोलीत फक्त झोपायला आणि कपडे बदलायला गेलो. वाचलेल्या पैशांत पिनांगला टॅक्सी केली. बाकी काही सांगण्यासारखं नाही.

शहापूरची अक्का:
माझं माहेर वेंगुर्ल्याचं. लहानपणी मुंबईला मामाकडं जायचं तर कोकण बोटीनं. बोट खोल पाण्यात उभी राहायची, आम्ही पडावातून तिच्यापर्यंत जायचो आणि वर चढलं की आधी सतरंजी पसरून जागा धरायची. केबिन साहेबलोकांची, तिकडं बघायचंसुद्धा नाही. त्यामुळं परवा बहीण म्हणाली की आता आपण सुईटनं जायचं, तेव्हा मी एका शब्दानं नाही म्हटलं नाही.

आम्ही घेतला ज्युनिअर सुईट. वाचणाऱ्यांनी एक नीट समजून घ्या: नावात सुईट असलं तरी तो बाल्कनीच्या खोलीचा मोठा भाऊ. रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या जहाजांवर सुईटचे सी, स्काय आणि स्टार असे तीन दर्जे. ज्युनिअर सुईट खालच्या, म्हणजे सी दर्जात. रात्रीचं जेवण कोस्टल किचन नावाच्या वेगळ्या, शांत जागी मिळतं. सुईटवाल्यांचा लाउंज मिळत नाही, आणि दिमतीला माणूस असतो तो स्टारवाल्यांच्या. बहीण पहिल्या दिवशी लाउंजच्या दाराशी कार्ड लावत बसली, दिवा काही हिरवा होईना.

आम्ही दोघी शाकाहारी. त्या खास हॉटेलपेक्षा खालच्या मोठ्या डायनिंग हॉलमध्येच आमचं बरं जमलं. तिथं वाढणाऱ्याला आदल्या रात्री सांगून ठेवलं की दुसऱ्या दिवशी डाळ-भाजी-भात हजर. म्हणजे ज्या जेवणासाठी बहिणीनं भरले ते आम्ही जेवलोच नाही म्हणा.

फुकेतला मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, लहान होडीतून नेतात. परत पडावच! खऱ्या सुईटवाल्यांना पहिल्या होड्यांत घेतलं, आम्ही नंबर घेऊन बसलो. माझं काही बिघडलं नाही, सवय आहे. पण बाल्कनीबद्दल मात्र एक शब्द वाईट बोलणार नाही. रात्री दोघी बहिणी तिथं बसून जे बोललो, ते घरी वर्षानुवर्षं बोलायला मिळालं नव्हतं.

उद्यमबाग:
आमची डीलर टूर होती, कंपनीच्या खर्चानं, गेंटिंग ड्रीम नावाच्या जहाजावर. सगळ्यांना एकसारख्या खोल्या. आमच्यातल्या एका बड्या डीलरनं पदरचे पैसे घालून "द पॅलेस"मध्ये सुईट घेतला. पॅलेस म्हणजे जहाजातला राखीव भाग. त्यांचा स्वतंत्र पोहण्याचा तलाव, स्वतंत्र हॉटेल, दिमतीला बटलर, चढताना वेगळी रांग. पहिल्या रात्री साहेब तिकडं एकटेच जेवले. दुसऱ्या दिवसापासून आमच्यात, बुफेत, कारण पुढच्या वर्षीच्या डिस्काउंटची बोलणी तिथंच चालली होती. तेवढा इस्त्रीचा शर्ट रोज ओळखू यायचा. ग्रुपमध्ये जात असाल तर सुईट घेऊ नका, एवढंच.

टिळकवाडीकर:
@उद्यमबाग, माझा कयास तुम्ही पक्का केलात.

कॅम्पातली डॉक्टरीण:
मी उलट बाजूची. आम्ही दोघंच, मुलं मोठी झालेली, वर्षभर दवाखान्यात माणसंच माणसं. हिवाळ्यात दुबईहून एमएससी कंपनीचं जहाज घेतलं, यॉट क्लबमध्ये. हाही जहाजातलं जहाज असा प्रकार: कार्डाशिवाय दार उघडत नाही, लाउंज, जेवणाची जागा, वरचा डेक सगळं वेगळं, पेयं भाड्यात धरलेली, सोबत बटलर. शेजारच्या सार्वजनिक तलावावर बसायला जागा नव्हती तेव्हा आमच्या डेकवर निम्म्या खुर्च्या मोकळ्या होत्या. मी त्या शांततेचे पैसे दिले आणि मला ते महाग वाटले नाहीत.

फारसं कोणाला माहीत नसलेली एक गोष्ट: काही जहाजांवर यॉट क्लबमध्ये बिनखिडकीची खोलीही मिळते. सोयी त्याच, भाडं बरंच कमी. पुढच्या खेपेला तीच घेणार. नवऱ्याला बाल्कनी लागते सिगारेटसाठी, आणि तिथं बऱ्याच कंपन्या ओढूच देत नाहीत. मग बाल्कनी कशाला?

खानापूरचा पोरगा:
सगळ्यांचं वाचलो. मी हॉटेल मॅनेजमेंट करून जहाजावर हाउसकीपिंगला होतो, आता गावात आहे. जरा आतलं सांगतो.

पैसे भरायच्या आधी डेकचा नकाशा बघा की. कंपनीच्या साइटवर असतोय. आपल्या खोलीच्या वर काय आणि खाली काय, एवढंच बघायचं. वर खोल्या, खाली खोल्या, तर झोप लागली म्हणून समजा. डोक्यावर पूल डेक असला तर उजाडायच्या आधी आमचीच पोरं खुर्च्या ओढत असतात, डेक धूत असतात. डोक्यावर स्वयंपाकघर असलं तर ट्रॉल्यांची चाकं. पायाखाली थिएटर असलं तर रात्री उशिरापर्यंत ढोल. आणि सुईट बरेचदा वरच्याच मजल्यांवर असतात, पूल डेकच्या अगदी खाली. महागाची खोली घेऊन डोळे तांबारलेले पाहुणे मी लई बघितलोय. सकाळी तक्रार आमच्याकडं करायचे, आम्ही तरी काय करणार गा?

दुसरं, हलणं. जहाज पुढंमागं झुलतं तेव्हा टोकं जास्त वरखाली होतात, मध्य कमी. आडवं झुलतं तेव्हा वरचे मजले जास्त हलतात. म्हणजे मधली, खालच्या मजल्याची खोली सगळ्यात स्थिर. ती बरेचदा स्वस्तातलीच असते, हे कंपनी कशाला सांगेल? ज्याला चोर्ल्याच्या वळणांवर पिशवी लागते, त्यानं वरच्या टोकाचा सुईट घेऊ नये.

मग सुईटमध्ये मिळतं काय? माणसाचा वेळ. साध्या खोल्या एकेकाकडं खूप असतात, पळत कराव्या लागतात. सुईट कमी असतात, म्हणून सांगितलेलं ध्यानात राहतंय. चढायची, उतरायची वेगळी रांग, होडीत पहिला नंबर, खोलीत बसून जेवण. हे ज्याला लागतं त्याला पैसे वसूल. खोली थोडी मोठी मिळते, पण मोठी खोली बघायला कोण समुद्रावर जातंय?

बऱ्याच कंपन्या रोजची टीप माणशी कापतात, सुईटला ती जास्त असते. बटलरला द्यायची तर वेगळी. बोलीच्या आकड्यात यातलं काही नसतं, हिशोबात धरा.

चढायच्या दिवशी काउंटरवर विचारायला लाजू नका. कोणी आलंच नाही तर खोली मोकळी राहते, ती ते विकतात. दिवाळी, मे महिन्यात विचारूसुद्धा नका, जहाज भरून असतंय.

कॉर्डेलियाचं दोघांनी निरोपात विचारलंय म्हणून: त्यांचं एम्प्रेस जहाज 1990 चं, पूर्वी रॉयल कॅरिबियनकडं होतं. त्या काळी बाल्कन्या कमीच ठेवायचे. त्यामुळं तिथं बाल्कनी पाहिजे म्हटलं की सुईटच्या दर्जात जावं लागतंय, आणि आधी त्याच खोल्या संपतात. एक-दोन रात्रींसाठी मी तरी खिडकीची खोली घेईन.

वडगावची सून:
दादा, आमच्या सासूबाईंचे गुडघे गेलेत. मिस्टर म्हणतात आईसाठी सुईट घेऊ, आरामात राहील. काय करू?

खानापूरचा पोरगा:
वहिनी, आधी बाथरूम विचारा. सुईटमध्ये पुष्कळदा टब असतोय आणि त्यातच शॉवर. त्याची कड ओलांडायला गुडघाच लागतो, वर ओली फरशी. साधी खोली घ्या, मधली, लिफ्टच्या जवळची, कारण जहाज लांब असतं आणि चालून चालून पाय दुखतात. चाकाची खुर्ची लागत असेल तर रुंद दाराच्या, उंबरा नसलेल्या खोल्या वेगळ्या असतात. त्या थोड्याच, बुकिंग करतानाच मागायच्या. तशी खोली मिळाली तर तिच्यावर बोलीबिली लावू नका, वर गेलात तर ती सोय जाईल.

संकेश्वरचा सीए:
भावनेचं सगळं झालं, आता वजाबाकी. जादा रक्कम भागिले रात्री करा. त्यातून पहिला दिवस चढण्यात जातो आणि शेवटच्या सकाळी लवकर खोली सोडायला लावतात, म्हणजे तीन रात्रींच्या क्रूझला खोली खरी वापरली जाते दोनच दिवस. मला तीन रात्रींसाठी सुईट कधीच पटत नाही. सात रात्री असतील, त्यात पूर्ण समुद्रातले दिवस जास्त असतील, तर विचार करा.

दुसरं, बोलीचे पैसे डॉलरमध्ये जातात. कार्डावर बँक परकीय चलनाचा आकार लावते आणि त्या आकारावर जीएसटी. एजंटकडून सुईटसकट पॅकेज घेतलंत तर रक्कम वाढते, तसा टीसीएसही, म्हणजे परदेशी पॅकेजवर एजंट आधीच घेतो तो कर, वाढतो. तो बुडत नाही, रिटर्नमध्ये वळता होतो किंवा परत मिळतो, पण तोवर अडकतो. बेळगावच्या काही एजंटांकडं ही ओळ कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात असते. आधी विचारा.

कॅम्पातली डॉक्टरीण:
सीएसाहेब, सुट्टीला रात्रींनी भागायचं, मग लग्नाच्या हॉलला पंगतींनी भागायचं का?

संकेश्वरचा सीए:
भागतो की. म्हणूनच माझ्या लग्नात फोटोग्राफर एकच होता.

हिंदवाडीचे बँकवाले:
मुलगा सिॲटलला आहे, त्यामुळं अलास्का झालं. बाल्कनीसाठी जादा भरले, सुईटसाठी नाही, आणि त्या थंडीत मला हाच मध्य बरोबर वाटला. हिनं खोलीतून पाय काढला नाही. शाल, कानटोपी, हातात चिवडा, आणि समोरून डोंगर जातायत. ग्लेशियर बेमध्ये जहाज हिमनदीसमोर नेऊन सावकाश वळवतात, दोन्ही बाजूंच्या खोल्यांना दिसतं, तेव्हा डावी-उजवी यावरून एजंटशी भांडू नका. मी मात्र त्या वेळी वरच्या उघड्या डेकवर होतो. बाल्कनीतून एक बाजू दिसते, वरून सगळं दिसतं, आणि वर जायला पैसे पडत नाहीत. जिला उभं राहवत नाही तिला बाल्कनी, ज्याला बसवत नाही त्याला डेक, असा आमच्या घरचा निकाल लागला.

वडगावची सून:
काका, चिवडा कसा नेलात? आम्हाला कुंदा न्यायचाय. सुईटवाल्यांचं सामान तपासत नाहीत म्हणे?

हिंदवाडीचे बँकवाले:
सगळ्यांचं तपासतात. चिवडा पाकीटबंद होता, दुकानातला.

खानापूरचा पोरगा:
वहिनी, दुकानातलं सीलबंद असलं की बहुतेक जहाजांवर जाऊ देतात. घरी शिजवलेलं नेऊ नका, चढतानाच काढून घेतात. कुंदा दुधाचा, तो बंदरात उतरताना बरोबर घेऊ नका. काही देशांत दुधाचे पदार्थ चालत नाहीत. जहाजावरच संपवा. आणि जो तुमची खोली आवरतोय त्याला थोडा द्या.