शब्दचर्चा : मेमरी टाइप, रिझर्व्ह, क्लीनअप
(तळटीप, मधली ओळ आणि बांधावरची ही बोलणाऱ्यांची टोपणनावं)

तळटीप
लिनक्स कर्नलच्या (लिनक्सचा गाभा) एक्स८६ विभागात, म्हणजे इंटेल-एएमडी प्रोसेसरांच्या भागात, मेमरी टाइप हाताळणारा कोड आहे. इंगो मोलनार यांनी २०१९च्या अखेरीस त्यातली नावं आणि फायली नीट लावल्या. असे पॅच (कोडमधले बदल) तपासताना काय बघायचं असतं, यावर मराठीत टिपण लिहितोय. 'मेमरी टाइप'ला स्मृतिप्रकार, 'रिझर्व्ह'ला राखीव ठेवणे, 'क्लीनअप'ला स्वच्छता असं सध्या लिहिलंय. पाठ्यपुस्तकाचा वास येतोय. सुचवा.

मधली ओळ
स्मृतिप्रकार नको हो. वाचणाऱ्याला रॅमच्या चिपचा प्रकार, डीडीआर४ की डीडीआर५, असंच वाटणार. इथला टाइप चिपचा नाही, पत्त्यांच्या पट्ट्याचा आहे. त्या पट्ट्यात लिहिता-वाचताना कॅशे (प्रोसेसरजवळची झटपट मेमरी) वापरायची का, लिहिलेलं लगेच पुढे धाडायचं की साठवायचं, एवढंच तो सांगतो. नेहमीच्या रॅमला राइट-बॅक (लिहिलेलं आधी कॅशेत, रॅममध्ये मागाहून) उत्तम. तेच नेटवर्क कार्डाच्या रजिस्टरला लावलं, तर कार्डाची स्थिती केव्हाच बदललेली आणि ड्रायव्हर कॅशेतली शिळी स्थिती वाचत बसलेला. पडद्याच्या फ्रेमबफरला (चित्र ठेवणारी मेमरी) राइट-कंबाइनिंग हवं, म्हणजे बारीकसारीक लेखन बफरात जमतं आणि एकगठ्ठा जातं. तिथे अनकॅश्ड (कॅशे वापरायचीच नाही) लावलंत तर चित्र बरोबरच दिसेल, पण खिडकी ओढलीत की रखडत येईल.

आणि कॅशे लिहा, कॅश नको. 'कॅश नसलेली मेमरी' म्हटलं की लोकांना नोटाबंदी आठवेल.

तळटीप
मग 'मेमरी-वर्तन'?

बांधावरची
मी 'वहिवाट' सुचवते. जमीन कुणाची हा प्रश्न वेगळा, ती कशी वापरली जाते ती वहिवाट. कर्नल तशी नोंदही ठेवतो. 'रिझर्व्ह_मेमटाइप' हे फंक्शन मेमरी मुळी राखून ठेवतच नाही. अमुक पत्ता ते तमुक पत्ता, वापर असा, एवढी नोंद घालतं. त्याच पट्ट्यावर दुसरा कुणी वेगळा वापर मागायला आला, तर एकतर नकार मिळतो, नाहीतर जुनाच वापर त्याच्या पदरात पडतो. तोही सरसकट नाही. अनकॅश्ड मागणाऱ्याला राइट-बॅक देऊन वाटेला लावता येत नाही. कर्नलच्या लॉगमध्ये 'कॉन्फ्लिक्टिंग मेमरी टाइप्स', पुढे पत्ते आणि शेवटी 'राइट-कंबाइनिंग<->अनकॅश्ड-मायनस' अशी ओळ दिसली, की समजायचं दोन वहिवाटी भांडताहेत.

तेव्हा 'राखीव' साफ चूक. 'नोंदवणे' लिहा.

मधली ओळ
नोंदवणे एकदम मान्य. वहिवाटीबद्दल शंका आहे. वहिवाटीने कालांतराने हक्क तयार होतो. इथे फ्री केलं की नोंद पुसली, हक्कबिक्क काही नाही. शिवाय रॅमच्या पानांची (कर्नल रॅमचे जे छोटे तुकडे पाडतो त्यांची) नोंद वेगळीकडे, प्रत्येक पानाच्याच फ्लॅगमध्ये असते. उपकरणांच्या पट्ट्यांची तेवढी झाडात, म्हणजे फांद्याफांद्यांनी शोधता येणाऱ्या यादीत.

आता क्लीनअप. स्वच्छता म्हटलं की आधी घाण होती असं होतं. इथे झालं काय? 'रिझर्व्ह_मेमटाइप'चं 'मेमटाइप_रिझर्व्ह' झालं, 'फ्री_मेमटाइप'चं 'मेमटाइप_फ्री', आणि फायली 'पॅट' (पेज ॲट्रिब्यूट टेबल) नावाच्या स्वतंत्र फोल्डरात गेल्या. वागणं जसंच्या तसं. मराठीत याला आवराआवर म्हणतात.

तळटीप
आवराआवर घेतलं. पण त्याच सुमारास पट्टे शोधायला हाताने लिहिलेलं लाल-काळं झाड काढून कर्नलमधलं तयार इंटर्व्हल ट्री आलं. तेही आवराआवरच ना?

मधली ओळ
नाही, आणि परीक्षकाने डोळ्यांत तेल घालून बघायची जागा तीच. वरून दिसायला कोड कमी झाला, हातचं लिखाण जाऊन तयार रचना आली. पण मेमटाइपच्या कोडमध्ये पट्ट्याचा शेवटचा पत्ता धरत नाहीत, आणि इंटर्व्हल ट्री तो धरते. एकाचा शेवट तीच दुसऱ्याची सुरुवात असे शेजारी शेजारी दोन पट्टे घ्या. त्यांचा एकमेकांना धक्काही लागत नाही, पण नव्या शोधात ते एकमेकांवर आलेले दिसायला लागले. नसलेलं भांडण उभं राहिलं. मग डिसेंबर २०१९मध्ये एकाच्या फरकाच्या चुकीची (ऑफ-बाय-वन) दुरुस्ती आली: शोधताना शेवटातून एक वजा करायचा.

तुमच्या टिपणात हा भाग येणार असेल, तर 'पर्यंत' जपून वापरा. 'सोमवारपर्यंत सुट्टी' म्हटल्यावर सोमवारी कामावर जायचं की नाही, यावर घराघरात वाद होतात. 'शेवट धरून' आणि 'शेवट सोडून' असं स्वच्छ लिहा.

बांधावरची
हे पटलं. धरून-सोडून उत्तम. वहिवाटीचा माझा हट्ट नाही, पण पहिल्यांदा समजावताना एकदा तरी येऊ द्या; पुढे 'मेमरी टाइप' चालेल.

तळटीप
तसंच करतो. शेवटचा अडसर: यूसी मायनस (यूसी म्हणजे अनकॅश्ड; लॉगमधलं 'अनकॅश्ड-मायनस' ते हेच). 'उणे अनकॅश्ड' लिहिलं तर काहीच बोध होत नाही.

बांधावरची
तो अनकॅश्डच, फक्त कमी हट्टी. त्याच पत्त्यांना एमटीआरआरमध्ये (पट्ट्यांचे मेमरी टाइप ठरवणारी प्रोसेसरची रजिस्टरं) राइट-कंबाइनिंग लावलेलं असेल, तर हा बाजूला होतो. पक्कं यूसी होत नाही. 'कच्चं अनकॅश्ड' म्हणून बघा.

मधली ओळ
कच्चं-पक्कं चालेल. फक्त कंसात यूसी मायनस ठेवा, नाहीतर लॉगमधली ओळ आणि तुमचं टिपण यांची गाठ पडणार नाही.