विशीतला एक दिवस: खान्देशातल्या घराघरांतून

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, अमळनेर तालुक्यात माहेरी गेले होते. ओट्यावर आबा आणि माझ्या भाच्याची जुंपली. "शिरीषकुमारनं पंधराव्या वर्षी नंदुरबारला छातीवर गोळ्या झेलल्या. तुम्ही काय करता? मोबाइल!" भाचा उठून आत गेला, जेवलाही नाही. 9 सप्टेंबर 1942, छोडो भारतच्या मिरवणुकीवरचा तो गोळीबार आम्ही सगळेच शाळेत शिकलो, त्यात गेलेल्या पोरांपुढे मान झुकतेच. पण त्यांचं नाव घेऊन घरच्या पोराला गप्प करणं मला बघवलं नाही. म्हणून हा धागा. तुमच्या विशीतला एखादा दिवस लिहा, आणि घरातल्या आजच्या विशीतल्या लेकराचाही. आठवेल तसं, अहिराणीत आलं तरी चालेल.

निवृत्त शिक्षक, पारोळा तालुका, वय 72

1972 च्या दुष्काळात मी 19 वर्षांचा होतो. जुनी अकरावी मॅट्रिक पास, आणि दुष्काळी कामावर खडी फोडायला. डाव्या हाताच्या बोटांना चिंध्या गुंडाळायच्या, कारण हातोडा चुकला की नख गेलंच. दुपारी खायला सुकडी मिळायची. संध्याकाळी मुकादम ढिगाचं माप घ्यायचा.

नातू चार वर्षं पुण्यात स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतोय. गावात चारचौघांत मी त्याला बोललो होतो, तुम्हाला कष्ट नकोत म्हणून. मागच्या दिवाळीआधी त्याच्या खोलीवर राहिलो. एका खोलीत तिघं, भिंतीवर नकाशा, खिडकीच्या गजाला ओला टॉवेल. पहाटे पाचला उठून, आवाज न करता, अभ्यासिकेत जागा धरायला निघाला. माझी झोप मोडू नये म्हणून चपला हातात घेतल्या होत्या. मी जागाच होतो. माझी खडी संध्याकाळी मला दिसायची. त्याला चार वर्षांत ढीग दिसलेला नाही, तरी तो रोज निघतो. ते बोललेले शब्द मी मागे घेतो, आणि हे त्याला फोनवरही सांगितलं आहे.

गृहिणी, यावल तालुका, वय 49

मी एस्टीच्या पासावर फैजपूरला कॉलेजात जायचे. दुसऱ्या वर्षाला लग्न ठरलं, मला कोणी विचारलं नाही. लेक 22 ची, नाशिकला नोकरी करते, स्वतःच्या पैशाची स्कूटी. हे बघून माझा जीव सुपाएवढा होतो.

पण एक गोष्ट तिनं माझ्या लक्षात आणून दिली. अखाजीला आम्ही पोरी दुपारीच मळ्यातल्या निंबाला झोके बांधायला जायचो आणि दिवेलागणीला गाणी म्हणत परत यायचो. मधल्या वेळात कुठे आहोत, हे कोणालाच माहीत नसायचं. तिला मी दिवसातून तीनदा लोकेशन मागते. "मम्मी, तुझे ते चार तास मला कधीच मिळाले नाहीत," म्हणाली. मी काय बोलणार? काळजी तर वाटतेच.

केळी उत्पादक, चोपडा तालुका, वय 29

वडिलांच्या सोयरिकीत पाहुण्यांनी पहिलं विचारलं, शेती किती, विहिरीला पाणी किती. मला पहिलं विचारतात, मुलगा नोकरीला कुठे? मी कृषी पदवीधर आहे. टिश्यू कल्चरची रोपं, ठिबकमधून खतं. मोटार घरून मोबाइलवर सुरू होते. वडील रात्रीच्या लाइटीसाठी बॅटरी घेऊन मळ्यात जायचे, साप-विंचवातून. त्यांच्याइतकं माझं अंग झिजत नाही, हे खरं.

सीएमव्ही, म्हणजे केळीवरचा विषाणूचा रोग, आला तेव्हा कोवळी बाग स्वतःच्या हातानं उपटली. पानांवर पिवळे पट्टे दिसले की झाड ठेवून चालत नाही, शेजारच्यालाही लागतो. त्याच आठवड्यात एका ठिकाणाहून नकार आला. त्या मुलीवर माझा राग नाही, तिनं आईला आयुष्यभर निंदताना, कापूस वेचताना पाहिलंय. राग येतो तो माझ्याच समाजातल्या मोठ्यांचा. सभेत शेतकरी जगाचा पोशिंदा म्हणतात, आणि जावई बघताना सातबाराही हवा आणि नोकरीही हवी.

(माझे दोन मावसभाऊ, एक 34 चा, एक 37 चा, इथेच अडलेत. यावर आणखी कोणी लिहा. – धागाकर्ती)

सुरतहून, मूळ गाव साक्री तालुका, वय 55

अठराव्या वर्षी लूमवर कामाला आलो. निघताना माय म्हणाली, "खुशालीना कागद धाडत जाय रे भो." महिन्याला एक आंतरदेशीय पत्र. पोरगा इथेच जन्मला, गुजरातीत हिशेब करतो. अहिराणी बोलणार नाही असं वाटलं होतं. पण कानबाईच्या रोटला, आपल्या खान्देशी देवीच्या सणाला, हाच पुढे असतो, आणि अहिराणी गाण्यांवर रील करून साक्रीच्या चुलतभावांना धाडतो. मी गावाला पत्र लिहायचो त्यापेक्षा त्याचा गावाशी जास्त राबता आहे.

नर्सिंगची विद्यार्थिनी, धडगाव तालुका, वय 19

आमच्या पाड्यावर रेंज नाही. प्रवेशाचा अर्ज भरायला वरच्या टेकडीवर जावं लागलं. आजी सोबत आली, मी एकटी नको म्हणून. ती माझ्या वयाची असताना तिला दोन लेकरं होती, शाळा तिनं आतून पाहिलीच नाही. साइट तीनदा अडकली. ऊन उतरलं तरी ती दगडावर बसून होती, पदरात मोहाची फुलं वेचत. शेवटी अर्ज गेला तेव्हा मी काहीच बोलले नव्हते, फक्त फोन खाली ठेवला. ती उठली, पदर झाडला आणि म्हणाली, चल, आता तुझ्या आईला सांगू.