मदत हवी आहे: मुदतीआधी ग्रामपंचायत निवडणूक लागली, तीन पॅनल समोर आहेत, मत कसं ठरवायचं?

मंडळी, गाव अमळनेर तालुक्यातलं. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतीलच. ११ सदस्यांची ग्रामपंचायत आणि थेट निवडून आलेल्या सरपंच बाई. बाई नावाला, कारभार त्यांच्या मिस्टरांचा. हे सगळ्या गावाला माहीत होतं आणि कुणाला त्याचं काही वाटतही नव्हतं.

पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून एलईडी दिवे घेतले आणि पाण्याचा आरओ प्लांट बसवला. म्हणजे कागदावर बसवला. जागेवर पत्र्याचं शेड आहे, आत एक टाकी आहे आणि बिल पूर्ण निघालेलं. तक्रार झाली, चौकशी लागली. चौकशी चालू असतानाच सात सदस्यांनी एकदम राजीनामे दिले. निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या झाल्या म्हणून ग्रामपंचायत बरखास्त होऊन प्रशासक बसला. आता पूर्ण ग्रामपंचायतीचं मतदान आहे. सरपंचपद महिलेसाठी राखीव आहे, आधीही होतं.

पॅनल तीन. पहिलं जुन्या सत्ताधाऱ्यांचं. त्यांनी फक्त चेहरा बदललाय, सरपंचपदाला माजी सरपंच बाईंची जाऊ उभी आहे. दुसरं राजीनामे देणाऱ्यांचं. 'आम्ही घोटाळा बाहेर काढला' ही त्यांची घोषणा. पण दिव्यांच्या खरेदीचा ठराव मासिक सभेत मंजूर झाला तेव्हा हेच लोक बसलेले होते आणि सह्याही यांच्याच आहेत. तिसरं पॅनल तरुण पोरांचं. पोरं चांगली आहेत, पण त्यांच्या बॅनरवर तालुक्याच्या एका पुढाऱ्याचा फोटो त्यांच्यापेक्षा मोठा आहे. जाहीरनाम्यात पहिलाच मुद्दा पाडळसरे धरण पूर्ण करण्याचा. धरण ग्रामपंचायत कधीपासून बांधायला लागली, ते मला कुणी सांगा.

पक्षाचं चिन्ह या निवडणुकीत नसतं, तरी कोणतं पॅनल कुठल्या पक्षाचं ते शेंबड्या पोरालाही पाठ आहे. घरात आबा म्हणतात, भाऊबंद दुसऱ्या पॅनलमध्ये आहेत, अख्खं पॅनल चालव. बायको म्हणते, तिसरं. मला कुठलंच पूर्ण पटत नाही. अशा वेळी तुम्ही काय बघता? नोटा दाबून मोकळं व्हावं का?

तापीकाठ:
गावमा सगळा सारखाच शेतस भाऊ. पार्टीनं भरीत खा आन मत तुले पटी तेले दे.

दादरची भाकर:
वरचा प्रतिसाद बाजूला ठेवा. आमच्याकडे असंच झालं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी मुदत बघा. मध्येच बरखास्त झालेल्या ग्रामपंचायतीच्या जागी येणारी नवी बॉडी पाच वर्षांची नसते, उरलेल्या मुदतीपुरतीच असते. घटनेतच तसं आहे. तुमच्याकडे किती उरलीय? 'पाच वर्षांत गावाचा कायापालट' असं जे पॅनल छापतंय, त्याला हे माहीत नाही किंवा माहीत असून ते थाप मारतंय.

दुसरं म्हणजे, तुम्हाला एक नाही, अनेक मतं आहेत. सरपंचाला एक आणि वॉर्डात जितक्या जागा तितकी सदस्यांना. सगळी एकाच पॅनलला द्यायची सक्ती कुठेच नाही. 'अख्खं पॅनल चालवा' ही पॅनलवाल्यांची सोय आहे.

आता खरी गोष्ट. थेट निवडून आलेल्या सरपंचावर पहिली दोन वर्षं अविश्वास आणता येत नाही आणि शेवटचे सहा महिनेही येत नाही. मधल्या काळातही तीन चतुर्थांश सदस्य लागतात, वर ग्रामसभेत गुप्त मतदानाने तो ठराव मंजूर व्हावा लागतो. म्हणजे तुमची उरलेली मुदत अडीच वर्षांच्या आत असेल, तर जी बाई सरपंच होईल तिला गाव अविश्वासाने हलवूच शकत नाही. राहतो फक्त गैरवर्तनाच्या चौकशीचा रस्ता. तो जिल्हा परिषदेतून नाशिकला विभागीय आयुक्तांकडे जातो आणि पुढे अपील. तोवर मुदत संपते.

म्हणून सरपंचाचं मत सगळ्यात जपून द्या, भाऊबंदकी सांभाळायची तर सदस्यांच्या मतात सांभाळा.

ओपी (धागा काढणारा):
सव्वादोन वर्षं उरलीत. ताई, हे गावात एकालाही माहीत नाही! तिन्ही पॅनल 'काम आवडलं नाही तर खाली खेचा' असं म्हणत फिरताहेत.

पारोळेकर:
ताईंचं बरोबर आहे. मी ग्रामपंचायतीच्या दप्तराजवळचा माणूस, म्हणून थोडी भर.

वित्त आयोगाचा पैसा सरपंच आणि ग्रामसेवक (हुद्द्याचं नाव आता ग्रामपंचायत अधिकारी, लोक भाऊसाहेबच म्हणतात) या दोघांच्या डिजिटल सहीने निघतो. ही सही कॉम्प्युटरला लावायच्या पेनड्राइव्हसारख्या डोंगलमध्ये असते. त्यामुळे सरपंचपदाच्या तिन्ही उमेदवार बाईंना, नवऱ्याला किंवा दिराला नाही, चारचौघांत एकच विचारा: 'तुमचं डोंगल कुणाकडे राहणार?' प्रश्नच कळला नाही तर समजून घ्या. कळला आणि उत्तर बाजूच्या पुरुषाने दिलं, तरी समजून घ्या.

ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर तुमच्या गावाचा आराखडा आणि खर्च दिसतो, मोबाईलवर बघता येतो. माहिती अधिकाराच्या मागे आता लागू नका. अर्ज दहा रुपयांत होतो, पण उत्तराला तीस दिवसांची मुदत असते, तोवर गुलाल उधळून झालेला असेल. उमेदवारांची शपथपत्रं मात्र जरूर वाचा, त्यात गुन्हे आणि मालमत्ता लिहावी लागते.

राजीनामे देणाऱ्यांबद्दल: मासिक सभेत सही आहे म्हणजे पैसे खाल्ले असं नाही. निम्मे सदस्य इतिवृत्त न वाचताच सही करतात, हे मी रोज बघतो. पण न वाचता सही करणाऱ्याला परत सही करायला पाठवायचं का, हा तुमचा प्रश्न आहे. त्या सातांपैकी कुणी सभेत लेखी विरोध नोंदवला होता का? इतिवृत्तात सापडेल. असा एक जरी निघाला तरी त्याला मत द्यायला मी पॅनल बघणार नाही.

तापीकाठ:
आन नोटा?

पारोळेकर:
नोटाने राग निघतो, प्लांट चालू होत नाही. एखाद्या जागेला तिन्ही उमेदवार नकोसेच असतील तर त्या एका जागेपुरता दाबा.

ओपी:
काल रात्री मारुतीच्या पारावर डोंगलचा प्रश्न विचारला. पहिल्या पॅनलच्या बाई हसल्या, उत्तर जेठांनी दिलं. दुसऱ्या पॅनलच्या बाई म्हणाल्या, 'भाऊसाहेब सांगतील तसं.' तिसऱ्या पॅनलची सून बारावी शिकलेली आहे, बचत गटाचं बँकेचं काम तीच बघते. ती म्हणाली, 'माझ्याकडेच राहणार, आणि बिल निघायच्या आधी मी एमबी बघणार.' मोजमाप पुस्तिकेला एमबी म्हणतात हे तिला माहीत होतं! आबासुद्धा जरा गप्प झाले.

सरपंचाचं माझं जवळजवळ ठरलं. सदस्यांचं अडलंय. तिच्याच पॅनलचा माझ्या वॉर्डातला उमेदवार दिवे पुरवणाऱ्या ठेकेदाराकडे गाडी चालवायचा असं आज कळलं. नुसता ड्रायव्हर होता की भागीदार, हे कुठून कळेल? पारोळेकर दादा, ग्रामपंचायतीच्या ठेक्यात हिस्सा असेल तर माणूस अपात्र होतो ना? छाननी तर होऊन गेली, आता कुणाकडे जायचं?