नो-फॉल्ट वाहनविमा : दाव्याचा हक्क कायदेमंडळ काढून घेऊ शकते का?

धागाकर्ता : अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात १९७१ च्या आरंभी नो-फॉल्ट वाहनविमा लागू झाला. चूक कोणाचीही असो, जखमीला २,००० डॉलरपर्यंतचा खर्च विम्यातून मिळावा आणि त्या बदल्यात, उपचारांचा खर्च ५०० डॉलरच्या वर गेल्याखेरीज अथवा मृत्यू, अस्थिभंग यांसारखी हानी झाल्याखेरीज, वेदनांबद्दल दावा करता येऊ नये, अशी ती योजना होती. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी पिनिक विरुद्ध क्लिअरी खटल्यात ती वैध ठरवली. रेंगाळणाऱ्या दाव्यापेक्षा तातडीने हाती पडणारी रक्कम जखमीच्या अधिक उपयोगाची असते, म्हणून मला हा निकाल योग्य वाटतो.

प्रतिसाद १ : प्रश्न उपयोगाचा नसून अधिकाराचा आहे. परंपरेने चालत आलेला दाव्याचा हक्क रद्द करायचा असेल, तर कायदेमंडळाने वाजवी पर्याय द्यावा किंवा तशी निकडीची सार्वजनिक गरज तरी दाखवावी, असे फ्लोरिडाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७३ मध्ये क्लुगर विरुद्ध व्हाइट खटल्यात म्हटले आणि वाहनांच्या नुकसानीपुरती तरतूद रद्द केली. इलिनॉयचा कायदा तर १९७२ मध्येच घटनाबाह्य ठरला.

धागाकर्ता : ते दोष मसुद्याचे होते, तत्त्वाचे नव्हेत. त्याच फ्लोरिडाने १९७४ मध्ये शारीरिक इजांबाबतची मर्यादा मुख्यतः कायम ठेवली. केवळ अस्थिभंगाचा निकष काढला, आणि तो काढायलाच हवा होता, कारण करंगळीचे हाड मोडलेल्याला दावा करता यावा आणि स्नायूंच्या दुखापतीने महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळलेल्याला येऊ नये, याला कोणताही तर्क नाही.

प्रतिसाद २ : मिशिगनचा विचार दोघांनीही केलेला नाही. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये शेव्हर्स खटल्यात मूळ योजना मान्य केली, पण विमा सक्तीचा असेल तर हप्ते न्याय्य राहतील याची हमी राज्याने दिली पाहिजे, असे सांगून दुरुस्तीसाठी १८ महिने दिले. माझ्या दृष्टीने खरी कसोटी हीच आहे. पुढे २०१९ च्या कायदादुरुस्तीने आजन्म अमर्याद उपचारखर्चाचे संरक्षण घेण्याची सक्ती उठली; त्यापूर्वी जखमी झालेल्यांच्या लाभांना त्या दुरुस्तीतील उपचारांच्या दरांवरील नव्या मर्यादा लावता येणार नाहीत, असा निकाल २०२३ मध्ये आला. नव्या जखमींच्या पदरात मात्र जुन्या देवाणघेवाणीतले कितीसे उरले?

धागाकर्ता : त्यांना विम्याबाहेरच्या उपचारखर्चासाठी दोषी चालकावर दावा करण्याची मुभा २०१९ च्या त्याच दुरुस्तीने दिली आहे.

प्रतिसाद १ : मुभा आहे, पण दोषी चालकाने प्रत्येक जखमीमागे ५०,००० डॉलरचेच दायित्व-संरक्षण (इतरांना द्याव्या लागणाऱ्या भरपाईसाठीचा विमा) निवडले असेल आणि त्याच्या नावावर अन्य मालमत्ता नसेल, तर मणक्याला इजा झालेल्या माणसाने उरलेली वसुली कोणाकडून करायची?