गोल्फमधलं पटिंग: ३० फुटांवरून अंदाजच येत नाही

प्रश्न: पुण्यात येरवड्याच्या गोल्फ कोर्सवर दर रविवारी खेळतो. ड्राइव्ह (सुरुवातीचा लांब फटका) बरी जाते, पण ग्रीनवर (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) लांबून पहिला पट (चेंडू भोकाकडे घरंगळवणारा हलका फटका) मारला की चेंडू कधी ८ फूट अलीकडे थांबतो, कधी तेवढाच पलीकडे जातो. पटर (पट मारायची काठी) बदलू का?

उत्तर: पटर राहू द्या हो. तुमचा घोळ दिशेचा नाही, वेगाचा आहे. ८ फुटांवरून पीजीए टूरवरचे (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमधले) खेळाडूही साधारण निम्मेच पट घालतात. म्हणजे पहिल्या पटात चेंडू भोकापासून ३ फुटांच्या आत आणायला शिकायचं. मी सरावाच्या ग्रीनवर २०, ३०, ४० फुटांवर टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोचायचो. चेंडू मारला की मान वर न करता आधी मोठ्यानं बोलायचं, ‘कमी’ किंवा ‘जास्त’, आणि मगच बघायचं. सुरुवातीला माझं निम्मं चुकायचं. पंधरा दिवसांत हाताला अंतर कळायला लागलं.

आणखी एक उत्तर: गवताच्या झुकावानंही वेग बदलतो. ग्रीनवर बर्म्युडा जातीचं गवत असेल तर कपाची (भोकाची) कड वाकून बघा. जी बाजू विस्कटलेली, तपकिरी दिसते, त्या बाजूला गवत झुकलेलं असतं. तिकडे चेंडू पळतो.

प्रश्नकर्ता: आज सकाळी कड बघितली, दादा. एक बाजू खरंच कुरतडल्यासारखी होती! पटर बदलत नाही. टी खोचून आलोय.