चिऱ्यांच्या अंगणात कोणता नी वॉकर चालेल?

प्रश्न: आईचा घोटा मोडलाय, पाय टेकायचा नाही. घर फोंड्याला, अंगण चिऱ्यांचं, ओसरीला तीन पायऱ्या. छोट्या चाकांचा नी वॉकर (दुखऱ्या पायाचा गुडघा गादीवर टेकवून चांगल्या पायाने ढकलत न्यायची चाकांची गाडी) घेऊ?

उत्तर: नको. लहान टणक चाक चिऱ्यांच्या सांध्यात अडकतं आणि माणूस हँडलवरून पुढे जातो. हवेची १२ इंची चाकं बघा.

उत्तर: उंची आधी जुळवा. चांगला पाय सरळ, दुखऱ्या पायाचा गुडघा ९० अंशांत, नडगी गादीवर, पाऊल मागे मोकळं. गादी उंच राहिली की कंबर एका बाजूला उचलली जाते, पाठ धरते. त्याच गुडघ्याला दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नका.

उत्तर: पायऱ्यांवर वॉकर अजिबात नाही, तिथे कुबड्या आणि सोबतीला कोणीतरी. वॉकरवर चढण्या-उतरण्याआधी ब्रेक लॉक. वळताना सावकाश, झटक्यात हँडल फिरवलं की उलटतो. पावसात शेवाळलेल्या चिऱ्यांवर तर नेऊच नका, ब्रेक लागला तरी चाक घसरतं.